लिंगमळ्याचा धबधबा आणि धावडांचा भाता

विजयदुर्ग-गिर्ये भागातल्या सड्यावर पाय तांबडे होतात ते जांभ्यामुळे. आपल्या घरांचे चिरेही त्याच दगडाचे. हा तांबडा रंग लोखंडाचा. लाखो वर्षं पाऊस काळ्या दगडात मुरला, बरंच काही धुऊन घेऊन गेला आणि लोखंड मागे राहिलं.

हाच जांभा महाबळेश्वरच्या माथ्यावरही आहे. बचत गटाची सहल तिकडे गेली की वेण्णा नदीवरचा लिंगमळ्याचा धबधबा बघायचा, स्ट्रॉबेरी खायची, फोटो काढायचे आणि परतायचं. पण ज्या पावसाचं पाणी तिथून कोसळतं, त्याच पावसाने त्या डोंगरात लोखंड साठवलं. ते काढणारे लोक म्हणजे धावड. बहुतेक मुसलमान, रानात राहणारे.

त्यांची भट्टी मातीची. तिच्यात लाकडी कोळसा आणि फोडलेला दगड घालायचा नि कातड्याच्या भात्याने वारा द्यायचा. तिथे लोखंड वितळून पाण्यासारखं वाहत नसे. भट्टीतून निघायचा तो स्पंजासारखा गोळा. तो तापवून घणाने ठोकायचा, म्हणजे आतली मळी बाहेर पडे. तेव्हा कुठे कोयता किंवा फाळ घडवण्याजोगं लोखंड हाती येई.

या कामात दगड फुकटचा, खरी किंमत कोळशाची. थोड्याशा लोखंडाला ढीगभर कोळसा लागे. 1828च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरला गोऱ्या साहेबांचं थंड हवेचं ठिकाण वसवलं. पुढे रान राखण्याचे सरकारी नियम आले, 1878चा वन कायदा आला. रान सरकारचं झालं, कोळसा पाडणं अवघड झालं. सरपणाला गेलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. रान तुटत होतं हेही खरंच, पण साहेबांच्या आगगाडीच्या रुळांखालीही लाकडाचेच ओंडके होते! त्यात विलायतेचं स्वस्त लोखंड बाजारात आलं. भट्ट्या विझल्या, धावड शेतीकडे, मजुरीकडे वळले.

भट्टीच्या त्या मळीला आयुर्वेदात मंडूर म्हणतात. पांडुरोगावर, म्हणजे अंगात रक्त कमी झाल्यावर, त्याचं भस्म देतात (वैद्यांना विचारूनच घ्या हं). शंभर वर्षांचं जुनं मंडूर सगळ्यात चांगलं मानतात. धावडांच्या शेवटच्या भट्ट्या विझल्या, त्यालाही आता शंभराहून जास्त वर्षं झाली.