भोंगा वाजल्यानंतर

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावी संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, थोरांनीही काही वाचायचे. करोनाच्या काळात मोबाइलला चिकटलेली मुले शाळा सुरू झाल्यावरही पुस्तकाकडे वळेनात, म्हणून २०२२ साली गावाने हे ठरवले. कडेगाव तालुक्यातल्या या गावाने रोजचा दीड तास परत मिळवला, ही मोठीच कमाई आहे. माझा वाद त्या भोंग्याशी नाही. तो वाजल्यानंतर आपल्याकडे बहुतेक घरांत ज्याला अभ्यास म्हणतात, त्याच्याशी आहे.

मूल पुस्तक उघडून बसले, ओठ हलू लागले, पिवळ्या पेनाने ओळी रंगू लागल्या, की आई-वडिलांचा जीव भांड्यात पडतो. धडा चारदा वाचला म्हणजे चौपट पक्का झाला, असा सर्वांचा समज. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. ‘अभ्यास’ या शब्दातच आवृत्ती आहे; पाणिनीच्या व्याकरणातही द्विरुक्तीतल्या पहिल्या भागाला अभ्यास म्हणतात. शिवाय अनुभवही त्याच बाजूने बोलतो. चौथ्या वाचनाला सगळे ओळखीचे वाटते, कुठे अडत नाही.

नेमके तिथेच फसायला होते. ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे. बाजारात भेटलेला माणूस आपण चेहऱ्यावरून ओळखतो आणि नाव काही केल्या आठवत नाही. दहावीच्या परीक्षेत कोल्हापूर विभागीय मंडळ सातारा-सांगलीच्या मुलापुढे कोरी उत्तरपत्रिका ठेवते. तिथे ओळखायला काहीच नसते, सगळे आतून काढावे लागते. ज्या कामाची परीक्षा, तेच काम वर्षभर एकदाही केलेले नसते.

रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मुळातून समजून घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांना सूर्य आणि सागरी पाणमांजर यांवरचे छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी दुसऱ्यांदा वाचला. दुसरा बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचलेलेच सरस ठरले, ८१ टक्के विरुद्ध ७५. पूर्वपक्षाचा अनुभव खोटा नाही, तो असा. पण आठवड्याने तपासले तेव्हा पुन्हा वाचलेले ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिलेले ५६ टक्के. आदल्या रात्रीच्या वाचनावर चाचणी निभावते आणि तेच मूल वार्षिक परीक्षेत का अडखळते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

कुणी म्हणेल, ही परदेशी विद्या. तर मग साताऱ्याच्या वाईला चला. वेद शिकवताना गुरूने संथा दिली की शिष्याने ती पोथी न पाहता म्हणून दाखवायची; स्वर चुकला की गुरू तिथेच अडवणार. आपण ज्याला घोकंपट्टी म्हणून हिणवतो, त्या पद्धतीच्या गाभ्याशी आठवणे आणि लगेच होणारी दुरुस्ती आहे. (अर्थाविना पाठांतर मला मान्य नाही, तो वाद निराळा.) १९१७ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रे शिकायला आले. शिकता शिकता ते इतरांना गीता शिकवत होते, आणि वर्षाचा हिशेब गांधीजींना पत्राने कळवताना त्यांनी ही शिकवणीही मोजली. दुसऱ्याला सांगायला बसलेला माणूस पानामागे लपू शकत नाही. पतंजलींनी अभ्यासाचा अर्थ सांगताना ‘यत्न’ हा शब्द वापरला आहे. चौथ्या वाचनात यत्न कसला?

एक आक्षेप मात्र खरा आहे. कच्च्या मुलाला काहीच आठवले नाही तर ते खचेल. म्हणून आधी धडा समजला पाहिजे, एकदा नीट वाचला पाहिजे; त्याला पर्याय नाही. मग पुस्तक मिटून कृष्णेच्या उपनद्या लिहायला सांगा. वेण्णा येईल, कोयना येईल, वारणा येईल, येरळा राहील. पुस्तक उघडून ती सापडली, की हुकलेली तीच सर्वांत घट्ट बसते. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, मग आठवड्याने. एका बैठकीतल्या चार वाचनांना लागणारा वेळ असा चार दिवसांत वाटला, तर जास्त पुरतो. गणितातही एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्यापेक्षा चार प्रकरणांची मिसळून सोडवावीत. परीक्षेत कुठली रीत लावायची हे कोणी सांगत नसते.

वडगावच्या, आणि ज्यांच्या गावात भोंगा नाही त्याही आई-वडिलांना माझी विनंती आहे. त्या दीड तासातली शेवटची वीस मिनिटे मुलाच्या हातातले पुस्तक तुम्ही घ्या आणि म्हणा, आज काय वाचलंस ते मला सांग. तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालेल. पुस्तक तुमच्या हातात असेल.