शिमग्यातला संकासुर आणि जपानची भुतं

शिमग्यात दरवर्षी एका तऱ्हेचा व्हिडिओ फोनवर फिरतो. काळा पायघोळ झगा, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं. संकासुर धावून जातो, पोरगं किंचाळत आजीच्या पदराआड शिरतं आणि सगळं अंगण खो खो हसतं. पोरांना असं घाबरवतात का, म्हणून खाली बाहेरगावचं कोणीतरी हमखास रागावलेलं असतं. यंदा म्हटलं, जरा सविस्तर लिहू.

पुराणात हा खलनायक. शंखासुराने वेद पळवले, समुद्रात दडून बसला, विष्णूने मत्स्यावतार घेऊन त्याला मारलं. आपल्या नमन-खेळ्यात मात्र तो गोमूबरोबर नाचतो, दोरीचा फटका मारतो, लोकांच्या खोड्या काढतो. आणि गुहागरच्या बाजूला त्यालाच नवसही बोलतात! राक्षस, विदूषक आणि देव एकाच झग्यात.

खाली दशावतारात तर त्याला तोंडही आहे. सुरुवातीच्या आख्यानात तो नाइकाशी मालवणीत असा हुज्जत घालतो, की प्रेक्षक त्याच्याच बाजूचे होतात. शेवटी विष्णू त्याला मारतो, पण लक्षात राहतो संकासुरच. हा खेळ आपल्या राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळ्यांनी १७२८ मध्ये कर्नाटकातून आणला, असं सांगतात. मला हे पूर्ण पटत नाही. रामदासस्वामी वारले १६८१ ला, आणि दासबोधात दशावतारी आहेत, बाईच्या वेषातल्या पुरुषांसकट. म्हणजे खेळ आधीपासून होता. काळ्यांनी त्याला इकडे नीट वळण लावलं असेल, एवढं मान्य.

आता जपान. तिथे भयकथांची चित्रमालिका हा मोठा धंदा आहे आणि त्यातलं एक बडं नाव काझुओ उमेझू, २०२४ मध्ये वारले. १९७२ ते ७४ या काळात त्यांनी एक अख्खी शाळा पोरांसकट उजाड भविष्यकाळात फेकली जाते अशी भयानक मालिका काढली, आणि १९७६ पासून 'माकोतो-चान' नावाच्या वात्रट पोराची, पोट धरून हसवणारी. हात एकच! ताणलेले डोळे, वासलेलं तोंड दोन्हीकडे सारखंच. एकीकडे आपण त्या पोराच्या जागी असतो, दुसरीकडे लांबून बघत असतो, एवढाच फरक. अंगणातल्या पोराचं आणि आजीचं तेच चाललेलं असतं की.

दुसरे शिगेरू मिझुकी. दुसऱ्या महायुद्धात राबाउलला त्यांचा डावा हात गेला. लहानपणी शेजारच्या एका म्हातारीने भुताखेतांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांवर पुढे उभं आयुष्य चित्रं काढली. त्यांची भुतं बावळट, खादाड, कधी कधी बिचारी. त्यांचं गाव साकाइमिनातो, आपल्या मिरकरवाड्यासारखंच मासळीचं बंदर. १९९३ पासून तिथल्या रस्त्यावर या भुतांचे काशाचे पुतळे बसवायला लागले, आज पावणेदोनशेच्या आसपास आहेत, आणि ते बघायला देशभरातून लोक येतात.

त्याच १९९३ साली आपल्याकडे 'झपाटलेला' आला. रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज. मूळ कल्पना अमेरिकन भयपटाची, पण तात्या विंचूला आपण घाबरलो कमी, हसलो जास्त. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते म्हणून आक्षेप घेतले गेले. २०२४ मध्ये 'मुंज्या'ने हिंदीत गल्ला जमवला. म्हणजे कोकणचं भूत विकलं जातं, पण विकतो बहुतेक मुंबईवाला.

आक्षेपाबद्दल माझं मत सांगतो. करणी, भानामती, कुणाच्या तरी म्हाताऱ्या विधवेवर घेतलेला संशय, या भीतीने माणसं आयुष्यातून उठतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता. पण भगताच्या भीतीत हसायला जागा नसते, कोणी हसलं की त्याचं दुकान बंद. संकासुराचं उलट आहे. चार वर्षांचं पोर त्याला बघून रडतं, दहाव्या वर्षी त्याचा झगा ओढून पळतं आणि विसाव्या वर्षी मुंबईहून रजा टाकून येऊन तोच झगा स्वतः घालतं. भीती आतून कशी शिवलेली असते हे त्याला तेव्हा कळतं. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरू नका.

काळजी वेगळीच आहे. ज्यांना संकासुराच्या जुन्या लकबी, बोलणी-टोमणे तोंडपाठ आहेत ते थकले. रीलमध्ये उरतं ते फक्त धावणं आणि किंचाळणं, तीस सेकंदांचं. पालख्यांना मान मिळतो, ढोलांना बक्षिसं मिळतात, पण गावागावांतल्या टोप्या आणि झगे एकत्र बघायला मिळतील अशी एक खोलीसुद्धा जिल्ह्यात माझ्या पाहण्यात नाही. नगरपरिषदेने किंवा जिल्हा परिषदेने मनावर घेतलं तर फार मोठा खर्च नाही.

तोवर आपण सुरुवात करू. तुमच्या गावच्या संकासुराची टोपी कशाची असते, ती कोण करतं, सोंग कोणत्या घराकडे आहे, तो बोलतो की मुका असतो, हे खाली लिहा. घरात म्हातारं माणूस असेल तर विचारून लिहा, आणि ते बोलताना फोनवर रेकॉर्डही करून ठेवा.