एक प्रत, दोन काळ



या व्याख्यानमालेत इतिहासाचे जाणते अभ्यासक बोलून गेले आहेत. मी बीएचएमएस झालेला साधा डॉक्टर. तरीही इतिहासावर बोलायला उभा राहिलो, त्याचे कारण माझा केसपेपर. त्यावर वर आजची तक्रार लिहायची, खाली पूर्वेतिहास आणि घराण्याचा इतिहास. एखादी आजी आजची सांधेदुखी चाळीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाशी जोडून सांगते. कधी ते खरे असते, कधी ती मनाने घातलेली गाठ असते. ती गाठ तपासणे हे माझे रोजचे काम. आज तेच काम एका कादंबरीच्या वाचकांबाबत करणार आहे, आणि त्या वाचकांत मीही आहे.

२०१० मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ पॉप्युलर प्रकाशनाकडून आली. ‘कोसला’ १९६३ ची, त्यामुळे आमच्या पिढीला या पुस्तकाची उत्सुकता मोठी. निपाणीच्या एका मित्राने प्रत विकत घेतली आणि ती आम्हा सात-आठ जणांत फिरू लागली. निपाणी ते बेळगाव असा तिचा प्रवास कधी कुणाच्या पिशवीतून, कधी लग्नाच्या आहेराबरोबर झाला. मुक्कामाचे ठिकाण माझा दवाखाना. साखरेच्या गोळ्यांच्या बाटल्यांशेजारी ती पडून असे. प्रतीबरोबर एक शंभर पानी वही ठेवली होती. अट एकच : वाचून झाल्यावर आपले मत लिहायचे, आणि लिहून झाल्याशिवाय आधीच्यांची मते वाचायची नाहीत.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक. तो मोहेंजोदडोला उत्खननात आहे. वडिलांच्या आजारपणामुळे त्याला खानदेशातल्या मोरगावी परतावे लागते. एकीकडे मोरगावचे शेतकरी घर, दुसरीकडे हजारो वर्षांमागचे जग, आणि खंडेरावाचे मन या दोहोंत सारखे ये-जा करते. शिवाय मोहेंजोदडो १९४७ पासून पाकिस्तानात. म्हणजे जिथे तो उकरतो आणि जिथे त्याचे घर आहे, त्यांच्या मधून सरहद्द गेलेली. सीमाभागातल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

निपाणीच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी वहीत लिहिले, “एक पाय मोहेंजोदडोला, एक पाय मोरगावात. माझ्या वर्गात कुणी असा निबंध लिहिला असता तर कान धरून उभा केलो असतो.” हसू आले तरी त्यांची अडचण खरी आहे. आमच्या भागाने ऐतिहासिक कादंबरीची गोडी चाखली ती रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’पासून. कोवाड आमच्या शेजारचेच, आणि ‘स्वामी’ १९६२ ची. त्या कादंबरीत एकदा पेशवाईत शिरले की शेवटच्या पानापर्यंत तिथेच राहायचे. आजचा कुणी मध्ये येऊन प्रश्न विचारत नाही. इथे मात्र आज आणि काल एकमेकांचे बोलणे तोडतात.

दुसरे मत एका तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे. “उकरलेल्या शहराची पानं उलटून टाकलो. शेतीची पानं दोनदा वाचलो.” १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले होते. शेवटी गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. हा गृहस्थ त्या रस्त्यावर बसलेला होता. त्याचा भूतकाळ पाच हजार वर्षांपूर्वीचा नाही, १९८१ चा आहे. मोरगावच्या शेतीची पडझड वाचताना त्याला त्याचाच रस्ता दिसला, यात नवल नाही.

तिसरे मत माझे. ते मला आज कबूल करायचे आहे.

सिंधू संस्कृतीच्या काही मुद्रांवर सरळ उभ्या, हात खाली सोडलेल्या आकृती आहेत. १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ रामप्रसाद चंदा यांनी त्यांची तुलना जैन मूर्तींच्या कायोत्सर्ग मुद्रेशी केली. लहानपणी बस्तीत, स्वाध्यायाच्या वेळी, मी हे कौतुकाने ऐकले होते. कादंबरीत मोहेंजोदडो आले आणि माझी लेखणी सुटली. वहीत अर्धे पान भरून लिहिले की ती नगरी आपलीच, आपले तीर्थंकर तिथे होतेच, लेखकाने ते ठळकपणे सांगायला हवे होते. चंदा यांनी साम्य दाखवले होते. मी सातबाराच लिहून मोकळा झालो.

माझ्यानंतर प्रत बेळगावच्या एका निवृत्त कन्नड शिक्षिकेकडे गेली. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्या मराठी सावकाश, ओठ हलवत वाचतात. चार महिने पुस्तक त्यांच्याकडे होते. आपले मत लिहून झाल्यावर त्यांनी माझे वाचले आणि त्याखाली कन्नडमध्ये दोनच वाक्ये लिहिली. अर्थ असा : “ती लिपी अजून कुणाला लागलेली नाही, मग डॉक्टरांनी नाव कसे वाचले? आमच्या पंप-रन्नांनीही दोन काळ जोडले, पण जोडतो आहोत हे सांगून जोडले.”

पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याने मला वाचायला बसवले. माझ्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात, तरी हे मी नीट पाहिले नव्हते.

पंप हा दहाव्या शतकातला जैन कवी, चालुक्य सामंत दुसरा अरिकेसरी याच्या पदरी. त्याने महाभारताची कथा कन्नडमध्ये सांगितली आणि तिच्यातल्या अर्जुनाला आपल्या राजाचे रूप दिले. वाचताना अर्जुनही दिसतो आणि अरिकेसरीही. नंतरचा रन्न आपल्या जवळच्या मुधोळचा, बांगड्या विकणाऱ्या घरातला. त्याने भीम आणि दुर्योधनाच्या गदायुद्धाची कथा घेतली आणि भीमाच्या जागी चालुक्य राजा सत्याश्रयाला उभे केले. म्हणजे एका कथेत दोन काळ खेळवणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. हजार वर्षांपूर्वी आपल्या परिसरात ते झालेले आहे.

पण तिथे एक शिस्त होती. राजाची स्तुती चालली आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. आणि पंपाने स्वतःच सांगून ठेवले की त्याचे भारत लौकिकासाठी आहे आणि ‘आदिपुराण’ जिनागमासाठी. त्याने दोन्हींची गल्लत होऊ दिली नाही. हे ग्रंथ जपणारे वाचकही होते. अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती करवून वाटल्या, असे परंपरा सांगते, रन्नाने ‘अजितपुराण’ लिहिले तेही तिच्याच आश्रयाने, ९९३ मध्ये. आम्ही एका प्रतीवर भागवले, पण शास्त्रदानाचे नाते तेच.

आजच्या कादंबरीकाराच्या डोक्यावर राजा नाही. तो दोन काळ शेजारी ठेवतो आणि सांधा जुळवायचे काम वाचकावर सोडतो. मग वाचक काय करतो? आपणच राजा होतो आणि आपणच भाट. मी तेच केले होते.

ही गोष्ट कादंबरीपुरती असती तर या व्यासपीठाचा वेळ घेतला नसता. आपण सीमाभागातले लोक रोज हेच करतो. १९४६ मध्ये याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितले आणि बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. दोन्ही गावे आजही कर्नाटकात आहेत आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

या साठ-सत्तर वर्षांत दोन्ही बाजूंनी भूतकाळ उकरला. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये बांधली. कुणी तिथला कन्नड शिलालेख दाखवतो, कुणी १९५६ च्या मराठी शाळा दाखवतो. ज्याला जो थर सोयीचा, त्याने तिथेच कुदळ थांबवायची.

मला आता असे वाटते की भूतकाळावर आपण नको तेवढे ओझे टाकले आहे. सरकारी कागद मला समजेल अशा भाषेत मिळावा, माझ्या नातवाला घरच्या भाषेत शिकता यावे, ही माझी मागणी आजची आहे. १२०४ च्या शिलालेखाने ती रद्द होत नाही आणि मोहेंजोदडोच्या मुद्रेने ती सिद्धही होत नाही. केसपेपरवरचे दोन रकाने एकमेकांत मिसळले की औषध चुकते. पूर्वेतिहास जरूर विचारावा, सगळा विचारावा, अडचणीचा भागही विचारावा. पण आजची तक्रार आजच्याच शब्दांत लिहावी.

वहीतले माझे अर्धे पान मी खोडले नाही. त्याखाली तारीख घालून लिहिले : “साम्य आहे, पुरावा नाही. अक्कांचे बरोबर.” अक्कांनी पुढच्या खेपेला ते पाहिले आणि म्हणाल्या, “बरं झालं डॉक्टर, खोडला नाहीत ते.”

प्रतीची बांधणी दोनदा शिवून घेतली आहे. पहिल्या वाचकांपैकी दोघे आज नाहीत, पण त्यांची अक्षरे वहीत आहेत. शेवटची अठरा पाने अजून कोरी आहेत. ज्यांना पुस्तक हवे असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर दवाखान्यात यावे. अट मात्र तीच : आधी आपले मत लिहायचे, मग दुसऱ्याचे वाचायचे, आणि चुकले असेल तर खाली तसे लिहायचे.