स्पंज, जुन्या तारा आणि एक बोट

मागच्या महिन्यात आमच्या बँडचा एक शो झाला. बँड म्हणजे काय, आम्ही पाच जण, पाचही जण आयटीतले. सोमवार ते शुक्रवार कोड आणि कॉल, शनिवारी एका मित्राच्या बंगल्याखालच्या खोलीत धिंगाणा. मी बेस गिटार वाजवतो. शो झक्क झाला, लोक नाचले, आम्ही खूष! घरी येताना गाडीत बहीण म्हणाली, "दादा, तू छान दिसत होतास रे. पण तू नक्की काय वाजवत होतास? ऐकूच आलं नाही."

आता बेस वाजवणाऱ्याला हे वाक्य काही नवीन नाही. तरी लागलं. त्याच रात्री लॅपटॉप उघडला आणि कार्ट भरायला सुरुवात केली. प्रीअ‍ॅम्प पेडल, कॉम्प्रेसर, चकचकीत नव्या तारांचा सेट... आपला टोन वाईट आहे ना, मग पैसे टाकू आणि चांगला टोन आणू! पण 'पे' वर क्लिक करायच्या आधी म्हटलं, हा टोन टोन म्हणतात तो मुळात आला कुठून ते तरी बघू. झालं, दोन वीकएंड त्यातच गेले.

तर मंडळी, सुरुवात होते ती न ऐकू येण्यापासूनच. १९४० च्या दशकात अमेरिकेत बँडमधला बेसवाला म्हणजे माणसाहून उंच डबल बेस घेऊन उभा असलेला माणूस. शेजारी ड्रम्स, समोर ट्रम्पेट, आणि गिटारवाल्याकडे नुकताच आलेला अ‍ॅम्प्लिफायर. बिचाऱ्याची बोटं सोलवटायची आणि मागच्या रांगेला ऐकू काहीच जायचं नाही. शिवाय ते धूड गाडीत मावायचं नाही ते वेगळंच. सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच गळ्यात अडकवून वाजवायचा इलेक्ट्रिक बेस बनवला होता, पण तो फारसा चालला नाही.

चालला तो लिओ फेंडरचा. हा गृहस्थ शिक्षणाने अकाउंटंट, धंद्याने रेडिओ दुरुस्त करणारा, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं दुकान होतं. वाजवणारे लोक यायचे, तक्रारी सांगायचे, हा ऐकून घ्यायचा. (आमच्याकडे याला रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात आणि ती कोणी करत नाही.) १९५१ मध्ये त्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. नाव प्रिसिजन, कारण डबल बेसवर सूर कानाने शोधावा लागतो, इथे पडदे होते, म्हणजे बोट जिथे ठेवाल तिथे सूर बरोब्बर लागणार. तारेची लांबी त्याने ३४ इंच ठेवली, आणि आजही बहुतेक बेस गिटारी त्याच मापाच्या असतात.

पण नुसतं वाद्य बनवून भागणार नव्हतं. थोडं फिजिक्स सांगतो, कंटाळू नका. बेसच्या सर्वात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. हवेत त्याची लाट आठ मीटरहून लांब, म्हणजे आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीपेक्षा मोठी! त्यात आपले कान इतक्या खालच्या सुरांना जरा बहिरेच. गिटारइतकाच मोठा ऐकू यायचा असेल, तर बेसला त्याच्या कितीतरी पट वॉट लागतात. म्हणून १९५२ मध्ये फेंडरने खास बेससाठी 'बेसमन' अ‍ॅम्प काढला. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर आले आणि तो इतका गोड वाजायला लागला की गिटारवाल्यांनीच तो पळवला. लंडनच्या जिम मार्शलने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिला अ‍ॅम्प बनवला तो याच बेसमनवरून. म्हणजे रॉकचा तो सगळा गडगडाट ज्या यंत्रातून निघाला, ते मुळात आमच्यासाठी बनवलं होतं. असो, चालायचंच.

दुसरा माणूस एव्हरेट हल. हा स्वतः डबल बेस वाजवायचा. बेसच्या खालच्या खुंटीत त्याने मायक्रोफोन बसवला, म्हणून कंपनीचं नाव अ‍ॅम्पेग, म्हणजे अ‍ॅम्प्लिफाइड पेग. १९६० मध्ये त्यांचा बी-१५ आला, पंधरा इंची एकच स्पीकर आणि जेमतेम २५ वॉट. हलसाहेबांना रॉक अँड रोल अजिबात आवडायचं नाही, फाटलेला आवाज तर नाहीच नाही. ते कंपनीतून गेले, आणि १९६९ मध्ये त्याच अ‍ॅम्पेगने रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यासाठी ३०० वॉटचा एसव्हीटी काढला. आत चौदा व्हॉल्व्ह, नुसत्या डोक्याचं वजन चाळीस किलोच्या आसपास. आता बेस ऐकू येत नाही म्हणायची कोणाची टाप!

इथपर्यंत वाचून मला वाटलं, बघा, मी म्हणतच होतो, वॉट वाढवा, पेडल घ्या. आणि मग जेम्स जेमर्सन आडवा आला.

जेमर्सनचा जन्म १९३६ चा, साउथ कॅरोलिनातला. विशीच्या आत आईच्या मागे डेट्रॉइटला आला, शाळेत डबल बेस शिकला. १९५९ मध्ये बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन जी कंपनी काढली, ती पुढे मोटाउन झाली. स्टुडिओ म्हणजे एका घराचं गॅरेज. तिथे ठरलेली मंडळी वाजवायची, दिवसा रेकॉर्डिंग आणि रात्री डेट्रॉइटच्या क्लबांमध्ये गिग्ज. त्यांना फंक ब्रदर्स म्हणत. साठच्या दशकातली मोटाउनची कितीतरी हिट गाणी घ्या, खाली बेस जेमर्सनचा असतो. 'माय गर्ल' (१९६४) आठवून बघा. सुरुवातीला एकटा बेस येतो ना? तोच तो.

आता त्याची सामग्री ऐका. एक १९६२ चा प्रिसिजन बेस. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, गुळगुळीत गुंडाळीच्या तारा, ज्यांना फ्लॅटवाउंड म्हणतात. या तारा तो बदलायचाच नाही, तुटली तरच नवी! तारा पट्टीपासून इतक्या उंच की दुसऱ्या कोणाला तो बेस वाजवणं अवघड जायचं. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. आणि उजव्या हाताचं फक्त एक बोट, तर्जनी. त्या बोटाला लोक 'द हुक' म्हणत. स्टुडिओत तर बहुतेक वेळा अ‍ॅम्पच नाही, वायर सरळ मिक्सिंगच्या टेबलात.

मी हे वाचून खुर्चीत मागे टेकून बसलो. माझ्या कार्टमध्ये याच्या बरोब्बर उलट सगळं होतं.

हे काम का करतं ते समजून घ्यायला मला एक रविवार लागला. स्पंजामुळे सूर लवकर विझतो. वाजला, बसला, संपला. दोन सुरांमध्ये मोकळी जागा उरते आणि त्या जागेत ड्रमचा ठोका स्वच्छ ऐकू येतो. जुन्या तारांमध्ये वरची झणझण नसते, त्यामुळे गिटार आणि गायकाच्या पट्टीत बेस लुडबुड करत नाही. मग उरतो तो मधला भाग, साधारण शंभर ते चारपाचशे हर्ट्झ. साठच्या दशकात लोक गाणी ऐकत ती गाडीच्या रेडिओवर, छोट्या ट्रान्झिस्टरवर. त्यातून ४१ हर्ट्झ निघणं शक्यच नाही. पण त्याच सुराचे वरचे पट, म्हणजे ८२, १२३ असे, निघाले की मेंदू खालचा सूर आपला आपण भरून काढतो. म्हणजे ज्या सुराला आपण 'काय बेस आहे' म्हणतो, तो कित्येकदा स्पीकरमधून आलेलाच नसतो!

पण म्हणून सगळ्यांनी स्पंज लावत सुटावं असंही नाही. त्याच काळात इंग्लंडमध्ये 'द हू' चा जॉन एंटविसल नेमकं उलटं करत होता. त्यांच्याकडे एक गिटार, एक ड्रम्स आणि हा. गाण्यात भरपूर रिकामी जागा. १९६६ च्या सुमारास त्याने रोटोसाउंडकडून खरबरीत गुंडाळीच्या, पियानोसारख्या झणझणणाऱ्या तारा करून घेतल्या, त्याही वरचेवर बदलायच्या. दोघंही बरोबर होते. जेमर्सनच्या शेजारी दोनतीन गिटारी, पियानो, तंबोरीन, व्हायोलिनं, ब्रास आणि गायक होते, एंटविसलच्या शेजारी कोणी नव्हतं. आपल्या शेजारी कोण बसलंय हे दोघांनीही आधी ऐकलं होतं. मी माझा टोन घरी, एकट्याने, दार लावून, हेडफोनवर ठरवला होता.

एवढ्यावर लेख संपायला हवा होता. पण जेमर्सनचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मोटाउनच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांची नावं छापत नसत. १९७१ मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' च्या कव्हरवर ती पहिल्यांदा आली, तोवर दहाएक वर्षं लोक त्याच्या बेसवर नाचत होते आणि त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली, मागोमाग तोही गेला. पण तिथे जमलं नाही. दारू होतीच. आणि जमाना बदलला होता, निर्मात्यांना आता चकचकीत, नव्या तारांचा आवाज हवा होता. याने तारा बदलल्या नाहीत. कामं कमी होत गेली. १९८३ च्या मार्चमध्ये मोटाउनच्या पंचवीस वर्षांचा मोठा सोहळा झाला, टीव्हीवर गाजला. असं सांगतात, की जेमर्सनने तिकीट काढलं आणि तो बाल्कनीत बसून बघत होता. त्याच सुमारास त्याचा तो १९६२ चा बेस चोरीला गेला. २ ऑगस्ट १९८३ ला तो वारला, वय ४७. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं २००० मध्ये, साथीदारांचा वेगळा वर्ग सुरू झाला तेव्हा.

आज त्याचा तो 'जुनाट' टोन मिळावा म्हणून लोक महागडी पेडलं घेतात. आयुष्यभर ज्या तारा बदलल्या नाहीत म्हणून त्याची कामं गेली, त्याच जातीच्या तारा आता त्याच्या नावाने विकल्या जातात. मला यावर काय बोलावं सुचत नाही.

असो. कार्ट रिकामं केलं. स्वयंपाकघरातून भांडी घासायचा नवा स्पंज उचलून कापला (आईने विचारलं, "आता हे काय नवीन?"), ब्रिजपाशी सरकवला. अ‍ॅम्पवर बेसचं बटण कमी केलं आणि मिड वाढवला. घरी वाजवून बघितलं तर आवाज अगदी मेलेला, डबा बडवल्यासारखा. म्हटलं, फसलो. पण शनिवारी प्रॅक्टिसला दुसऱ्याच गाण्यानंतर आमचा ड्रमर थांबला आणि म्हणाला, "अरे, आज तू ऐकू येतोयस." व्हॉल्यूम होता तेवढाच होता.

पुढच्या शोला बहिणीला परत बोलावलंय. आणि आमच्या गायकाला सांगून ठेवलंय, की शेवटी सगळ्यांची नावं घेतोस ना, तेव्हा साउंडवाल्याचंही घे. मागच्या वेळी आम्ही त्याचं नाव विचारलंसुद्धा नव्हतं.