अमेरिकेचा चेहरामोहरा बदलणारा कायदा

३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर स्वाक्षरी केली. हा कायदा क्रांतिकारी नाही, लक्षावधी लोकांच्या जीवनावर त्याचा परिणाम होणार नाही, अशी ग्वाही त्यांनी त्या वेळी दिली होती. आधुनिक अमेरिकेच्या इतिहासात इतका चुकीचा ठरलेला अंदाज विरळाच म्हणावा लागेल.

वंशाच्या निकषावर प्रवेश

स्थलांतरितांचा देश म्हणून मिरवणाऱ्या अमेरिकेची दारे सर्वांसाठी खुली कधीच नव्हती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश नाकारला. १९१७ मध्ये भारतासह आशियाच्या मोठ्या भागावर बंदी आली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा बजावलेले भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्वासाठी लढा दिला; परंतु भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला.

१९२४ च्या कायद्याने या धोरणाला पक्के स्वरूप दिले. १८९० च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्याच्या दोन टक्के इतकाच कोटा त्या देशाला मिळाला. १८९० हे वर्ष हेतुपुरस्सर निवडले होते. इटली, पोलंड, रशिया येथून येणारा मोठा लोंढा त्यानंतरचा असल्याने त्यांचा वाटा आपोआप घटला. भारतीयांना १९४६ मध्ये नागरिकत्वाचा हक्क मिळाला खरा. पण त्यासोबत मिळालेला कोटा होता वर्षाला अवघा शंभर जणांचा.

नागरी हक्कांच्या चळवळीची पार्श्वभूमी

हे चित्र बदलले ते साठच्या दशकात. कृष्णवर्णीयांच्या लढ्यामुळे १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आणि ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा झाला. देशात वंशभेद बेकायदा ठरवायचा आणि सीमेवर मात्र तोच निकष लावायचा, ही विसंगती आता टिकणे अवघड होते. शीतयुद्धाच्या काळात आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रांसमोरही ती अडचणीची होती. अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६३ मध्ये कोटा पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी तो पुढे नेला. विधेयकाचे एक प्रवर्तक होते सिनेटर फिलिप हार्ट, तर दुसरे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर. याच सेलर यांनी १९२४ च्या कायद्यालाही विरोध केला होता. चार दशकांनंतर त्यांच्या लढ्याला यश आले.

नव्या कायद्याने पूर्व गोलार्धासाठी वर्षाला एक लाख ७० हजार व्हिसांची मर्यादा घातली. कोणत्याही एका देशाला २० हजारांहून अधिक व्हिसा मिळणार नव्हते. यातील सुमारे तीन चतुर्थांश व्हिसा नातेवाइकांसाठी, तर काही व्यावसायिक व कुशल कामगारांसाठी होते. नातेवाइकांना प्राधान्य देण्याचा आग्रह प्रतिनिधी मायकेल फीगन यांचा होता. अमेरिकेत युरोपीय वंशाचेच लोक बहुसंख्य असल्याने त्यांचेच आप्त येतील, असा हिशेब त्यामागे होता.

हिशेब उलटला

प्रत्यक्षात समृद्ध होत चाललेल्या युरोपातून येणाऱ्यांचा ओघ आटला. आशियातून डॉक्टर, अभियंते आले. त्यांनी भावंडांना, आईवडिलांना बोलावून घेतले आणि साखळी वाढत गेली. १९७० मध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण ४.७ टक्के होते; २०२० नंतर ते १४ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. १९६० मध्ये तेथे भारतात जन्मलेले सुमारे १२ हजार लोक होते. सहा दशकांनंतर ही संख्या २७ लाखांवर गेली. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ मध्ये, तर बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, ते याच लाटेत.

या कायद्याची दुसरी बाजूही आहे. पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर त्याने प्रथमच संख्येची मर्यादा घातली. मेक्सिकन शेतमजुरांसाठीची करार योजना १९६४ मध्येच संपली होती. मजुरांची गरज कायम राहिली आणि कायदेशीर वाट अरुंद झाली. अवैध स्थलांतराच्या प्रश्नाचे एक मूळ येथे आहे.

समान मर्यादेचा पेच

प्रत्येक देशाला समान मर्यादा हे तत्त्व वंशभेद मिटविण्यासाठी आले. १९९० च्या कायद्याने ती सात टक्के ठरवली. लहानशा देशाला आणि भारताला एकच माप! परिणामी नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांना दशकानुदशके ताटकळावे लागते. अनेकांची मुले २१ वर्षांची होताच पालकांच्या अर्जातून बाहेर फेकली जातात. ज्या कायद्याने शंभर जणांच्या कोट्यातून भारतीयांची सुटका केली, त्याच्याच समानतेच्या सूत्राने त्यांना पुन्हा दारात थांबवले आहे.