दिव्यांग साहाय्य, उच्च शिक्षणातील : पनवेल

महाविद्यालये व विद्यापीठे यांतील दिव्यांग विद्यार्थी, अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्यासाठी प्रवेश, अध्ययन, परीक्षा व नोकरी यांत करावयाची व्यवस्था. रायगड जिल्ह्यातील पनवेल परिसरात मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये (उदा., रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय) आहेत, तसेच भाताण येथे अ‍ॅमिटी हे खासगी विद्यापीठ आहे. संस्था अनुदानित की विनाअनुदानित, हा फरक महत्त्वाचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित संस्थांत किमान ४०% दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी निदान ५% जागा राखीव असतात आणि वयोमर्यादा ५ वर्षांनी शिथिल होते. विनाअनुदानित संस्थांवर या कलमाची सक्ती नाही. समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन मात्र खासगी आस्थापनांनाही आहे.

खरी कसोटी परीक्षेच्या दिवशी लागते. लेखनिक, म्हणजे बोलीत ‘रायटर’, घेणाऱ्यास केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे वाढीव मिळतात. ३ तासांची उत्तरपत्रिका ४ तासांत लिहिता येते. एवढा वेळ लागतोच. दृष्टिहीन विद्यार्थी प्रश्न ऐकतो, उत्तराची जुळणी मनात करतो, वाक्य सांगतो, नावांचे शुद्धलेखन सांगतो, आणि मागचा परिच्छेद पुन्हा वाचून घेतो. स्वतःचा लेखनिक आणल्यास, २०१८ च्या याच सूचनांनुसार, त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे. ऐन परीक्षेच्या हंगामात असा मोकळा विद्यार्थी शोधण्याचे काम घरच्यांवर टाकणे अन्यायाचे आहे. ते महाविद्यालयाने करावे. विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले, की लेखनिकासाठी ४०% ची अट लावता येत नाही. लिहिण्यात खरी अडचण असणे पुरेसे आहे. परीक्षा विभागातल्या प्रत्येकाला हा निकाल ठाऊक हवा.

कर्मचाऱ्यांसाठी शासकीय आस्थापनांत ४% पदे राखीव आहेत. नोकरीत असताना अपघाताने वा आजाराने दिव्यांगत्व आले, तर तेथे त्या व्यक्तीस काढता किंवा पदावनत करता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते.

पनवेल महानगरपालिका हद्दीत, खारघर येथे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाने २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी साधन केंद्र सुरू केले. पनवेलच्या महाविद्यालयांनी गिरवावा असा हा जवळचा कित्ता.

विद्यार्थ्याने प्रवेश घेतानाच दिव्यांगत्वाच्या वैश्विक ओळखपत्राची प्रत कार्यालयात द्यावी व लेखनिकाची मागणी लेखी नोंदवून पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.