दगडातली कुटी : कोंडिविटे आणि चैत्यगृहाचा उगम

आरे कॉलनीचा इतिहास आपण बहुधा १९४९ साली वसलेल्या दुग्धवसाहतीपासून सांगतो. परंतु या टेकड्यांच्या परिसरात वास्तूचा विचार त्याच्या दोन हजार वर्षे आधी सुरू झाला होता. आरेच्या उत्तरेच्या जंगलात कान्हेरी आहे. दक्षिणेला, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यापलीकडे, कोंडिविट्याची म्हणजेच महाकालीची लेणी आहेत. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांपुढे इथली १९ लेणी किरकोळ वाटतात. तरीही बौद्ध वास्तूचा उगम समजून घेऊ पाहणाऱ्याने आधी कोंडिविट्याला जावे, असे आम्हांला वाटते.

याचे कारण तिथले नववे लेणे. आयताकार दालनाच्या टोकाशी एक गोल खोली आहे आणि तिच्या आत स्तूप. खोलीची भिंत दालनाच्या बाजूला फुगीर वळणाने पुढे येते. तिच्यात दार आहे आणि दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. डोंगराच्या पोटात असलेल्या दालनाच्या आत पुन्हा खिडक्या कशासाठी? उघड आहे, की इथे गुहेत एक झोपडी कोरली आहे.

ही कल्पना कोंडिविट्याची एकट्याची नाही. बिहारमधील बराबर टेकड्यांतली सुदामा गुहा अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीविकांना दिली. तिथेही दालनाच्या टोकाला गोल कुटी आहे आणि तिच्या छताची कड गवताच्या छपरासारखी बाहेर झुकलेली आहे. राजस्थानात बैराट येथे विटा आणि लाकडी खांब यांनी बांधलेल्या वर्तुळाकार चैत्याचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे मूळ वास्तू माती, लाकूड आणि गवत यांची होती; ती नष्ट झाली आणि तिची प्रतिकृती दगडात उरली.

पाथरवटांना लाकूडकामच ठाऊक होते, म्हणून त्यांनी त्याची नक्कल केली, असे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. ते अपुरे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात कोरीव छताखाली खरोखरीच्या लाकडी कमानी बसवल्या आहेत. अखंड खडकाला त्यांच्या आधाराची गरज नाही. हे केवळ सवयीने घडत नाही. ही निवड आहे. पूजास्थान ओळखू येण्यासाठी त्याचे जुने रूप टिकवणे आवश्यक मानले गेले असावे.

रूप मात्र स्थिर राहिले नाही. कोंडिविट्याला स्तूप भिंतीआड आहे. उपासक बाहेर, स्तूप आत. जुन्नरच्या तुळजा लेण्यात त्या भिंतीच्या जागी स्तूपाभोवती १२ खांबांचे कडे येते. भाजे-कार्ल्याला हे कडे लांबट होऊन सबंध सभागृहाला कवेत घेते, आणि स्तूप, प्रदक्षिणामार्ग व जमलेला संघ एकाच छताखाली येतात. हा क्रम विचाराचा आहे, कालाचा नव्हे. भाजे तर सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहे. पण भिंतीचे खांब होणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी आधी कोंडिविट्याची भिंत पाहावी लागते.

आणि ती भिंत ओळखण्यासाठी झोपडी माहीत असावी लागते. आरेतल्या पाड्यांवर वारली व इतर आदिवासी कुटुंबांची पारंपरिक घरे कारवीच्या कुडाची. काठ्या विणायच्या, त्यावर शेणमातीचा गिलावा द्यायचा. या घरांचा आणि लेण्यांचा थेट वंश जोडणे अनैतिहासिक ठरेल. परंतु ‘कूड’ हा शब्द संस्कृत ‘कुड्य’ म्हणजे भिंत याच्याशी नाते सांगतो, आणि काडी, माती, गवत यांचे व्याकरण दोन्हीकडे वाचता येते.

लेण्यांना संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. कुडाच्या घराला तसा दर्जा नाही, आणि त्याची जागा विटा-पत्रे घेत आहेत. प्रत जपायची आणि मूळ विसरायचे, असे पाठचिकित्सेत कोणी केले तर आपण त्याला हटकू. वास्तूच्या बाबतीत मात्र आपण गप्प आहोत. कुडाची शेवटची भिंत गेली, की कोंडिविट्याची जाळी नुसती नक्षी होऊन उरेल.